वांग्यांना टाळ्या

एकाच गाण्याची इतकी रेकॉर्डिंगं कशाला लागतात, असं कोणी विचारलं की माझं डोकं फिरतं. आईनं हा प्रश्न इतक्या वेळा विचारलाय की आता ती नुसती भुवई वर करते आणि मी भांडायला उठते. रोजची मेथी एकच असते का? कालची कोवळी, आजची जून, परवाची पाण्यानं मारलेली. गाण्याचंही तसंच. एखाद्या दिवशी गाणाऱ्याचा घसा बसलेला असतो, एखाद्या दिवशी गिटारची तार मधेच तुटते, एखाद्या दिवशी मागे कोणीतरी पोराला दटावत असतं. निदान भाजीवाल्यांच्या घरात तरी हे समजावून सांगायची पाळी येऊ नये.

"हे गानं होय का भांडन?" आई विचारते.

"दोनी," मी सांगते.

आम्ही आदिलाबादचे. शहराला लागूनच मावला म्हणून गाव आहे, तिकडे थोडी जमीन आहे, तिथे वांगी, भेंडी, गवार होते. मी आणि आई भाजीबाजारात बसतो, आणि बाबांचा ठेला. तो घेऊन ते सकाळी गल्ल्यागल्ल्यांतून फिरायचे. माझं लग्न झालेलं नाही आणि त्याबद्दल मी इथे काही लिहिणार नाही. लिहायचंय ते एका गाण्याबद्दल आणि बाबांच्या आवाजाबद्दल. या दोघांची गाठ पडायला नको होती, पण पडली.

बँड हैदराबादचा. चौघं जण, दखनी हिंदीत गातात, आणि गिटार अशी वाजते की पत्र्यावरून कोणी साखळदंड ओढतंय. नाव लिहीत नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना कळेल, बाकीच्यांना माझ्याकडून फुकटची जाहिरात नको. बाजारात आलेली त्यांची गाणी थोडी, आणि तीसुद्धा इस्त्री केलेली. खरा बँड दिसतो तो स्टेजवर. म्हणून आम्ही चाहते गर्दीत उभं राहून त्यांची गाणी रेकॉर्ड करतो आणि आपसांत वाटतो. आधी हे चोरून चालायचं. पुढे बँडवाल्यांना कळलं आणि त्यांनी काणाडोळा केला.

या धंद्यात शिस्त मात्र अशी की तहसीलमध्ये नसेल. मुळात याला धंदा म्हणणंच चूक, कारण पैशाला कोणी हात लावत नाही. फाइल दाबून लहान करायची नाही, एकदा दाबली की गेलेलं परत येत नाही. मधलं बोलणं, खोकणं, टाळ्या, काहीही कापायचं नाही. काहीही पुसायचं नाही, कधीच नाही; माझ्याकडे असली रेकॉर्डिंगं आहेत की ज्यांत पावसाशिवाय काही ऐकू येत नाही, तीही मी तीन जागी जपून ठेवलीयत. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे, ज्यानं रेकॉर्ड केलं तो म्हणाला 'पुढे द्यायचं नाही', की ते तिथेच थांबलं. हे मोडणाऱ्याला आमच्यात परत कोणी उभं करत नाही.

रेकॉर्ड करणाऱ्यांत सगळ्यांत पट्टीचा माणूस मंचेरियलचा. कोळशाच्या खाणीत नोकरी, वयानं माझ्याहून मोठा, तेलुगू बोलणारा. सगळे त्याला अण्णा म्हणतात. तो मला चेल्लेम्मा म्हणतो, म्हणजे धाकटी बहीण. आमचं बोलणं हिंदीत चालतं. शर्टाच्या कॉलरला दोन्हीकडे शेंगदाण्याएवढे माइक लावून तो गर्दीच्या मधोमध उभा राहतो. नाचत नाही, गात नाही, मानसुद्धा हलवत नाही. एकदा मी त्याच्या शेजारी उभी राहून बेंबीच्या देठापासून ओरडले होते. ते ओरडणं त्या रेकॉर्डिंगमध्ये अजून आहे आणि दर भेटीला त्यावरून तो मला चिडवतो.

अण्णाची एक युक्ती आहे. जे रेकॉर्डिंग त्याला मोजक्याच लोकांना द्यायचं असतं, त्याच्या शेवटच्या टाळ्यांमधून तो एक टाळी काढून टाकतो. माझ्या प्रतीतली एका जागची, दुसऱ्याच्या प्रतीतली दुसऱ्या जागची. कापायचं नाही या नियमाला एवढा एकच अपवाद. प्रत बाहेर फुटलीच, तर कोणाच्या घरातून फुटली ते त्याला टाळ्या ऐकून कळतं. टाळ्या कोण ऐकत बसतं, असं तुम्ही म्हणाल. आम्ही बसतो.

गेल्या वर्षी वरंगलच्या एका फंक्शन हॉलमध्ये बँडचा कार्यक्रम होता. शेवटी बाकीचे आत गेले आणि गाणारा एकटाच गिटार घेऊन उभा राहिला. त्यानं एक नवं गाणं म्हटलं, गोदावरीत बुडून गेलेल्या त्याच्या धाकट्या भावावरचं. म्हणून झाल्यावर तो माइकवर म्हणाला की हे कुठे येणार नाही. निजामाबादला त्याची आई आहे, तिला माहीत नाही की त्यानं भावावर गाणं केलंय. तिनं ते कोणाच्या तरी फोनवर ऐकावं असं त्याला वाटत नाही. कोणी रेकॉर्ड करत असेल तर मेहरबानी करावी. हॉलमधल्या अर्ध्या लोकांनी वळून अण्णाकडे पाहिलं.

कार्यक्रम संपल्यावर अण्णा सरळ त्याच्याकडे गेला आणि म्हणाला, तुझ्यासमोर पुसतो. आमच्यातला माणूस स्वतःच्या हातानं पुसायला तयार झाला, ही किती मोठी गोष्ट आहे ते बाहेरच्याला कळायचं नाही. गाणारा म्हणाला, पुसू नका, ठेवा, फक्त बाहेर जाऊ देऊ नका. अण्णानं त्याच्या हातात हात देऊन कबूल केलं. नंतर आम्हा तिघांनाच त्यानं ते गाणं दिलं, आणि देताना आमच्याकडूनही तोच शब्द घेतला. मी शब्द दिला आणि ते गाणं रोज ऐकायला लागले. घरात, ओट्यावर, भाजी निवडताना, बाबा समोर खाटेवर बसलेले असताना.

त्याच दिवसांत बाबांच्या घशात गाठ निघाली. नागपूरच्या डॉक्टरनं सांगितलं की जीव वाचेल, पण स्वरयंत्र काढावं लागेल. मग बोलता येणार नाही.

बाबांचा आवाज म्हणजे आदिलाबादच्या निम्म्या गल्ल्यांचं घड्याळ. "एऽऽ वांगेऽ, वंकायाऽऽ, भेंडीऽ, बेंडकायाऽऽ", मराठी घरांसाठी मराठी, तेलुगू घरांसाठी तेलुगू, आणि शेवट असा लांबवायचे की दोन गल्ल्यांपलीकडची बाई टोपली घेऊन दारात यायची. आवाज घोगरा होता, भाकरीची कड करपते ना, तसा. मी माझा चांगला रेकॉर्डर घेऊन त्यांच्यापुढे बसले आणि म्हणाले, "बाबा, एकदा आवाज द्या. मी ठेवून घेते."

बाबा भडकले. "मी मरून नाई राह्यलो. फोटोले हार घालाची इतकी घाई झाली का तुले?"

"आवाज जाऊन राह्यला बाबा, म्हनून म्हंते."

"जाऊ दे. तुह्या डब्यात घालून नोको ठेवू मले."

मीही त्यांचीच पोर. रेकॉर्डर उचलला आणि दोन दिवस बोलले नाही. असे आम्ही. दोन दिवस! आज त्या दोन दिवसांचा विचार आला की मला एका जागी बसवत नाही.

ऑपरेशन झालं. बाबा घरी आले ते गळ्याला पांढरं फडकं बांधून. ओठ हलायचे, आवाज नाही. आईला सुरुवातीला काही उमगायचं नाही, ती रडायची. मला लवकर जमलं. गोंगाटाखालचे शब्द शोधण्यात माझी इतकी वर्षं गेलीत, त्याचा एवढा तरी उपयोग झाला.

डॉक्टरनं बरेच महिने घरी बसवलं. बाबांना बसणं कुठे ठाऊक? अंगणात फेऱ्या मारायचे, ठेल्याच्या चाकाला तेल घालायचे, पुन्हा पुसायचे, पुन्हा घालायचे. मी बाजारातून आले की माझ्यामागे फिरायचे, आज काय विकलं, कोण आलं होतं, कोणी विचारलं का. त्यांच्या त्या फिरण्यानं माझाही जीव थाऱ्यावर राहायचा नाही. मग एका दिवशी डॉक्टरनं हो म्हटलं आणि बाबांनी पेटीतून एक भोंगा काढला, भाजीवाले ठेल्याला लावतात तसला, आणि त्यात घालायची मोबाइलची चिप.

तेव्हा कळलं. नागपूरला जायच्या आधी, माझ्याशी भांडण चालू असतानाच, हा माणूस एकटा जाऊन बसस्टँडजवळच्या मोबाइलच्या दुकानात आपली हाळी भरून आला होता. आईला माहीत होतं. मला दोघांनीही सांगितलं नाही.

"वाजवून तर दाखवा," मी म्हणाले.

बाबांनी मान हलवली. ओठ हलले, "लोकायच्या दारात वाजवाची गोष्ट घरात काऊन वाजवू?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ते ठेला घेऊन मावल्याकडे गेले. मी तेव्हा बाजारात माल उतरवून घेत होते.

दुपारी गिऱ्हाईक कमी झालं तसा मी फोन उघडला. आमच्या चाहत्यांच्या ग्रुपवर कोणीतरी एक रील टाकली होती आणि खाली सगळे हसत होते. मावल्यातली गल्ली. गच्चीवरून कोणीतरी काढलेली. खाली बाबांचा ठेला, आणि भोंग्यातून बाबांचा आवाज, तोच, करपलेल्या कडेचा, "एऽऽ वांगेऽ, वंकायाऽऽ." आणि त्या आवाजाखाली पत्र्यावरून साखळदंड ओढल्यासारखी गिटार. वरंगलची. भावावरचं गाणं. दुकानदारानं ते टाळ्यांसकट अख्खं लावलं होतं. बाबांनी गवार पुकारली आणि हॉलभर लोकांनी टाळ्या वाजवल्या. 'वांग्यांना टाळ्या' असं कोणीतरी खाली लिहिलं होतं.

खरं सांगते, पहिल्यांदा मला हसूच आलं. मग निजामाबाद आठवलं. पुन्हा पाहिली तेव्हा आणखी एक दिसलं. बाबा ठेला ढकलत होते आणि त्यांचे ओठ भोंग्याबरोबर हलत होते. शब्दाला शब्द. लांबवायच्या जागी लांबवत होते. बाई टोपली घेऊन दारात आली, तिच्याकडे पाहून ते "बेंडकायाऽऽ" म्हणाले, आणि ती बाई असं हसली की जणू हे खरंच बोलले. त्यानंतर मला ती रील पाहवेना आणि बंदही करवेना.

अण्णाचा फोन आलाच. त्यानं आरडाओरडा केला नाही. एवढंच म्हणाला, "ताली तुम्हारी है, चेल्लेम्मा."

मी सगळं सांगितलं. माझा जुना फोन मी बाबांना वापरायला दिला होता. आम्ही काही पुसत नाही, म्हणून तोही न पुसता दिला. गाणं त्यातच होतं. अण्णानं ऐकून घेतलं. रीलवाल्या पोराला त्यानं आधीच गाठलं होतं, ते पोरगं भलं निघालं, काढून टाकतो म्हणालं. पण ठेला उद्याही निघणार, कोणीतरी पुन्हा रील काढणार, आणि निजामाबाद काही परदेशात नाही.

"हाथ में हाथ देके बोला था मैंने," अण्णा म्हणाला.

"तो मेरे बाप का क्या? उनका एकही आवाज बचा है, वो उस गाने के ऊपर बैठा है." माझा आवाज चढला. शेजारची कांदेवाली वळून बघायला लागली. "मी काय करू अण्णा? बापाचा गळा पुन्हा एकदा कापू?" हे मराठीतच निघालं. त्याला कळलं असावं. त्यानं फोन ठेवला.

दुकान आईच्या गळ्यात टाकून मी बसस्टँडकडे पळत सुटले. मोबाइलवाल्याला बाबा आठवत होते. "काका आले होते ना. मैंने पूछा, पीछे म्यूझिक डालूँ क्या, नुसतं बोलणं कोण ऐकतं. तर त्यांनी फोन दिला." हसून त्यानं बाबांची नक्कल केली, "ह्याच्यात माह्या पोरीचं गानं हाय. रोज आयकते ते. तेच लाव."

मी विचारलं, "नुसता आवाज? गाणं घालायच्या आधीचा?"

"वो कबका डिलीट, दीदी."

"डिलीट कसं केलं?"

"मशीन भरते. आम्ही काय सगळं सांभाळत बसतो का?"

त्याचं काय चुकलं? काही नाही. जगात कोणीच सांभाळत बसत नाही, आमच्यासारखे चार येडे सोडून. तरी मी त्याला दोन शब्द सुनावलेच आणि बाहेर येऊन उगाच स्टँडभोवती चक्कर मारली. तामसीची बस लागली होती, लोक चढत होते, आणि मला वाटलं, चढावं आणि जावं कुठेतरी शेवटच्या थांब्यापर्यंत, घरी जाऊच नये.

घरीच गेले. बाबा असे खुशीत की विचारू नका. ठेला रिकामा करून आले होते. आई भाकरी टाकत होती आणि बाबा तिच्याजवळ पाटावर बसून ओठांनी सगळं सांगत होते, ती चुकीचं समजत होती, मी दुरुस्त करत होते. कोणती बाई काय म्हणाली, कोणी चहा पाजला. "मावल्यात लोकं बाहेर निंगाले," बाबा म्हणाले. "पयल्यासारके." कितीतरी महिन्यांनी त्यांनी भाकरी मागून घेतली. मी तोंड उघडलं, आणि भाजी वाढ म्हणाले.

जेवणं होत होती तेव्हा अण्णाचा मेसेज आला. 'पूरा देखा. बाबा के होंठ देखे. मैं उससे बात कर लूँगा. तुमको जो ठीक लगे वो करो.' हे तर त्याहून वाईट झालं. अण्णा अडून बसला असता तर मी त्याच्याशी भांडले असते. भांडायला माणूस उरला नाही की माझं काही खरं नसतं. शब्द काही एकट्या अण्णानं दिला नव्हता, मीही दिला होता. आणि ती निजामाबादची बाई, तिचं तोंडही मी कधी पाहिलं नाही, ती माझ्या डोक्यातून जाईना. ती भाकरी टाकत असेल आणि कोणाच्या तरी फोनमधून तिच्या मेलेल्या पोराचं गाणं येईल, वर वांग्याची हाळी. लोक हसत असतील.

तेव्हा मला ते ॲप आठवलं. गाणं आणि बोलणं वेगळं करून देणारं. आम्ही त्याला शिव्या घालतो, पण त्या रात्री बाबा झोपल्यावर मी चिपमधून त्यांची फाइल फोनवर घेतली आणि देवाचं नाव घेऊन त्यात घातली. थोड्या वेळात दोन तुकडे करून दिले. एकात बाबा, एकात गाणारा आणि गिटार. मी बाबा ऐकले. स्वच्छ, एकही आवाज मागे नाही. पण काहीतरी गेलं होतं. पुन्हा ऐकलं. मग गिटारचा तुकडा ऐकला, आणि तिथे सापडलं. बाबांची घोगर. ॲपला ती गिटारचीच वाटली होती, त्यानं ती उचलून तिकडे टाकली. इकडे उरला होता तो कोणीतरी धुतलेला माणूस, वांगी विकणारा.

कानांवर माझा भरवसा आहे. मला कळलं होतं, तरी मी स्वतःला समजावलं की भोंग्यात कोणाला कळतंय. सकाळी बाबा अंघोळीला गेले तेव्हा त्यांच्या चिपमध्ये मी ते घातलं. आणि आज मीही येते म्हणाले. बाबांना आनंद झाला, वाटलं असेल की पोरीला ऐकायचंय.

मावल्यातली पहिलीच गल्ली. बाबांनी ठेला लावला, फडकं नीट केलं आणि बटण दाबलं. "एऽऽ वांगेऽ." त्यांचे ओठ एका शब्दापुरते हलले आणि थांबले. ते भोंग्याकडे बघत राहिले. एक अख्खी हाळी त्यांनी ऐकली. मग बटण बंद केलं, आणि माझ्याकडे वळले.

"कोन होय हा?"

मी सांगितलं, सगळं, तिथेच, वांग्यांच्या ढिगाला टेकून. वरंगल, भाऊ, गोदावरी, आई, अण्णाचा हात, माझा शब्द, रील. मी घाईघाईनं म्हणाले की अण्णा अडवत नाही, तो बोलेल त्या गाणाऱ्याशी, जुनं माझ्याजवळ आहे, आत्ता फोनमधून परत भरते, मावल्याच्या गल्लीतलं निजामाबादला कोण ऐकायला बसलंय.

"काल आयकलं नं लोकायनं," बाबा म्हणाले.

मी हातात घेतलेला फोन खाली केला.

"तिले मालूमच नाई?"

"नाही बाबा."

त्यांनी ठेल्यावरची गवार उगाच सारखी केली. शेंगा शेंगांवर ठेवल्या. मग ओठ हलले, सावकाश, मला एकही शब्द चुकू नये असे. "तिच्या मेल्या पोराचं हाय ते. त्याच्यावर माही गवार काऊन विकू मी?"

"पण तुमचा आवाज आहे बाबा त्यात." मी रडत होते, भर गल्लीत, आणि मला त्याची लाजही वाटत नव्हती. "निदान घरी तरी ऐकत जा. मी ठेवते नीट."

"घरात आयकाले वरडत होतो का मी?"

त्यांनी भोंग्यातून चिप काढली आणि माझ्या हातात दिली. भोंगा सोडून ठेल्याच्या खालच्या फळीवर टाकला, पोत्याखाली. मग तराजू वर घेतला, माप त्यावर ठेवलं, आणि उभे राहिले. एरवी याच वेळी ते हाळी देत. त्यांची मान सवयीनं वर झाली होती, हनुवटी पुढे आली होती. गल्लीत कोणीच बाहेर आलं नाही. एक सायकल गेली. मी पदर तोंडाशी धरून उभी राहिले.

बऱ्याच वेळानं समोरच्या दारातून एक म्हातारी झाडू घेऊन बाहेर आली, तिला ठेला दिसला. जुनं गिऱ्हाईक. "अवो भाऊ, हितंच उभे हाय? आज आवाज काऊन नाई दिला?" ती जवळ आली. "काल मी सुनेले म्हनलं, पाय, भाऊचा आवाज आला वापस. देवाले साखर ठेवली मी."

बाबा तिच्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता हे मान खाली घालतील आणि मला ते बघावं लागेल. पण त्यांचे डोळे बारीक झाले, उधारी मागणाऱ्याला टोला द्यायच्या आधी व्हायचे तसे, आणि ओठ हलले.

म्हातारीनं माझ्याकडे पाहिलं. "काय म्हंते वो?"

मला सांगावंच लागलं. माझ्याशिवाय ते तिथे कोणालाच कळलं नव्हतं.

"म्हंतेत," मी म्हणाले, "कालचा माल कालच संपला. आज जे ताजं हाय ते घ्या."

म्हातारी खळखळून हसली. मग तिची नजर बाबांच्या गळ्यावरच्या फडक्यावर गेली आणि तिचं हसू जिरलं. खाली बसून ती एकेक वांगं उलटून पाहायला लागली, नेहमीपेक्षा जास्त वेळ, आणि एकही बाजूला टाकलं नाही. बाबांनी तोललं, वरून एक वांगं जास्तीचं टाकलं.

ती आत गेली. बाबांनी ठेला पुढच्या दारापर्यंत ढकलला, थांबले, हाळीच्या वेळी व्हायची तशी मान वर केली, आणि वळून माझ्या तोंडाकडे बघत राहिले.